बिघाडाची जागा

ऑपरेशनच्या टेबलावर केवलराम जागेच होते. मांडीतून घातलेली तार हृदयात पोचली होती, पण ज्या धडधडीनं ते रुआबांधा वस्तीतल्या घरी कोसळले, ती औषधानं उचकवूनही सुरू होईना. ती सुरू झाल्याशिवाय पडद्यावरच्या हृदयाच्या नकाशात बिघाडाची जागा दिसणार नव्हती. नकाशाच्या मशीनवर त्यांचीच मुलगी दामिनी बसली होती. वहिनीच्या बाजूनं तिनं साक्ष दिली, भाऊ गौरव तुरुंगात गेला; तेव्हापासून बापलेकीत बोलणं नव्हतं. तिनं तिथूनच हाक मारली. "बाबा, गौरव वहिनीले मारत होता. तुमाले मालूम होतं." "चूप! इले बाहेर काढा!" केवलराम ओरडले. ठोके एकदम दोनशेवर गेले. नकाशा रंगांनी भरला, जागा सापडली, डॉक्टरांनी तिथंच चटका दिला. ठोके संथ झाले. केवलराम सावकाश म्हणाले, "माह्यासाठी तू मेली." दामिनी पडद्याकडे पाहत राहिली. "सर," ती म्हणाली, "आता रागातही धडधड सुरू होत नाही."