झोपली म्हणा

"मेली नाही म्हणा. झोपली म्हणा," हॅस्केलसाहेब म्हणाले आणि त्यांनी शेवटचं पान एस्टेलच्या टेबलावर आपटलं.

एस्टेल ग्रूबरने टाक खाली ठेवला. आठशे पानांची जुनी कादंबरी मुलांसाठी दहा सेंटांच्या चित्रपुस्तकात कोंबायची, त्यात अक्षरं काढायची, हे ती अकरा वर्षं करत होती. समुद्र कापले, लढाया कापल्या, निम्मी पात्रं कापली, तिने हूं की चूं केलं नाही. पण मेलेल्या बाईला उठवायचं म्हणजे कहरच झाला!

"साहेब, कादंबरीत ती मरते. शंभर वर्षं मरतेच आहे."

"पोरं रडतात. ओहायोतल्या आया मला पत्रं लिहितात."

"आणि चित्रात तिच्या उशाशी चार मेणबत्त्या आहेत, त्या?"

"वाढदिवस आहे म्हणा."

"अन् ही काळ्या कपड्यांतली माणसं? केक खायला आलीत?"

"चार वाजता छापखान्याचा माणूस येतोय. नवं चित्र काढायला वेळ नाही. कागदाच्या पट्टीवर नवी ओळ लिहा, जुनीवर चिकटवा, मोकळ्या व्हा." साहेब गेलेसुद्धा.

एस्टेलच्या अंगाचा तिळपापड झाला. खिडकीशी कार्लो बोनफान्ते ब्रश धूत होता. चित्र त्याचं. कादंबरीतली नायिका सोनेरी केसांची, नाजूक. कार्लोने काढली होती काळ्या केसांची, रुंद कपाळाची, भुवईवर व्रण असलेली. सरळसरळ असुंता, त्याची बायको. जानेवारीत न्यूमोनियाने गेली. सगळ्यांनी ओळखलं होतं, बोललं कुणीच नव्हतं.

"तोंडात मिठाची गुळणी धरलीयस का रे?" एस्टेल त्याच्यावर घसरली. "तिचं पान आहे हे! त्या मेल्या साहेबाला नासू देणार? तू फक्त नाही म्हण, नोकरी गेली तरी मी पट्टी लिहिणार नाही."

कार्लो हात पुसत आला. मग त्याने कोऱ्या कागदाची पट्टी कापली आणि तिच्यापुढे सरकवली.

"लिही."

"कार्लो, वेड लागलंय का तुला?"

"किती प्रती निघतात?"

"अडीच लाख."

"मग अडीच लाख घरांत झोपू दे तिला," कार्लो म्हणाला. "माझ्या एकट्याच्या घरात मेली, तेवढं पुरे."