अठरावा दिवस

उंदरांनी खुराड्यामागं पाडलेलं तिसरं बीळ हौसाबाई काचा ठेचून बुजवत होती, तेवढ्यात सासरहून लेकीचा फोन आला.

“काल परत यांनी हात उचलला, आई. पोरांना घेऊन येऊ का तिकडं?”

“आणि इथं येऊन काय करशील? पोरांकडं बघून दिवस काढ,” हौसाबाई म्हणाली. “आमची खुडूक कोंबडी बघ. उंदरं अंगावरून नाचतात, पण अठरा दिवस अंड्यांवरून हलली नाही. आईची जात अशी असते.”

लेकीनं फोन ठेवला.

हौसाबाईनं कौतुकानं मूठभर ज्वारी कोंबडीपुढं धरली. तिनं चोचही लावली नाही. कालचे दाणेसुद्धा तसेच पडले होते. मग हौसाबाईनं तिला दोन्ही हातांनी उचललं. खालच्या अंड्यांच्या टोपलीच्या बुडाला भोक पडलं होतं. खालून शिरून उंदरांनी अंडी कधीच संपवली होती, आणि टरफलांवर बसून राहिलेल्या कोंबडीच्या मांड्या हाडापर्यंत कुरतडल्या होत्या.

तिला परसात ठेवून हौसाबाईनं लेकीला फोन लावला. “निघून ये. पोरांना घेऊन आत्ताच्या आत्ता ये.”

“नको, आई. तुझं पटलं मला,” लेक शांतपणे म्हणाली. “आता नाही मी हलायची.”

फोन कानाशी धरूनच हौसाबाई मागं वळली. कोंबडी पाय ओढत खुराड्यात गेली होती आणि टरफलांवर पंख पसरून पुन्हा बसली होती.