हजेरी

फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाचा पहिलाच दिवस. विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष नवे सभासद गोळा करायला वर्गात आला होता. स्वतः चौथ्या वर्षाला, आणि बोलायला लागला की ऐकत राहावं असा.

"अभ्यासाचं कारण सांगू नका रे. गेल्या वर्षी मी याच वर्गात होतो. शिबिरं घेतली, रॅली काढल्या आणि वर पहिल्या वर्गात पासही झालो. नियोजन असलं की सगळं जमतं!"

टाळ्यांनी वर्ग दणाणला. शेवटच्या बाकावरच्या मुलाचे हात मात्र मांडीवरच राहिले.

"आणि हजेरीचं काय, दादा?" एका मुलीने विचारलं.

"संघटनेच्या कामाला सूट मिळते गं. आणि अडलंनडलं तर एखादा जिवाभावाचा मित्र असतोच की!"

सगळे खो खो हसले. शेजारच्याने शेवटच्या बाकावरच्या मुलाला कोपराने ढोसलं. "भारी आहे ना हा? तू का गप्प? कॉलेजात नवीन आहेस का?"

"नाही. गेल्या वर्षीही याच बाकावर होतो. परीक्षेला बसू दिलं नाही."

"का रे?"

"त्याच्या नावाला 'हजर' म्हणताना पकडला गेलो," फळ्यासमोर हसत उभ्या असलेल्या अध्यक्षाकडे बघत तो म्हणाला. "त्याला शिबिराची सूट मिळाली."