सहा ते आठ, कॅमेरा चालू

"आई, फ्रेम म्हणजे फक्त एक फोटो. व्हिडिओ म्हणजे असे खूप फोटो, भराभर. डोळ्याला वाटतं, हलतंय." आर्यन ग्लासगोतल्या आपल्या खोलीतून लॅपटॉपशी बोलत होता.

लंडनमधल्या इल्फर्डच्या किचनमध्ये वरदानं कणकेचा हात तसाच वर धरला. "म्हणजे हलत काहीच नाही? नुसता भास?"

"हो."

"बाई गं. आणि पिक्सेल?"

पिक्सेल म्हणजे रंगाचा बारका ठिपका, हे रांगोळी घालणाऱ्या बाईला पटकन पटलं. बफरिंगही पटलं. लायब्ररीतल्या कॉम्प्युटर क्लासला तिनं नाव घातल्यापासून रोज एक नवा शब्द निघायचा.

आर्यनचे बाबा गेले आणि पाठोपाठ त्याला ग्लासगोला ॲडमिशन मिळाली. निघताना वरदा रडली नाही. एकच अट घातली: रोज सहा ते आठ कॅमेरा चालू. त्यानं अभ्यास करायचा, तिनं स्वयंपाक. आवाज दोन्हीकडून बंद, कुकरच्या शिट्ट्यांनी त्याचा अभ्यास बिघडायला नको. आठला आवाज सुरू करून चार शब्द बोलायचे.

"तू समोर दिसलास की घर खायला उठत नाही रे," ती म्हणाली होती. आता यावर नाही म्हणणारा मुलगा आणायचा कुठून?

सप्टेंबरचे दिवस होते. वरदाच्या मागच्या खिडकीत संध्याकाळचं पिवळं ऊन रेंगाळायचं. कुंपणावर एक हिरवा पोपट येऊन बसायचा, उडायचा. बघता बघता आर्यनला पुस्तकावरच पेंग यायची.

"आणि लूप म्हणजे?" तिनं विचारलं.

"तोच तुकडा पुन्हा पुन्हा."

"मग जोड दिसत नाही?"

"पहिली फ्रेम आणि शेवटची फ्रेम सेम ठेवायची. काय तुझी प्रश्न, आई."

"तुझे प्रश्न. अरे, क्लासमधले शशीकाका विचारत होते."

बोलता बोलता आर्यनच्याच डोक्यात किडा वळवळला. दुसऱ्या दिवशी त्यानं पडदा ओढला, टेबलावरचा दिवा लावला आणि अभ्यास करतानाचं स्वतःचं शूटिंग केलं. पान उलटायचं, पेन चावायचं, पुन्हा पान. सहा वाजता कॅमेऱ्याऐवजी तेच लावून दिलं आणि गेला बाहेर.

बाहेर उर्वी होती. नाशिकची, त्याच्याच वर्गातली. क्लाइड नदीच्या काठानं दोघं चालत, एका पुडीतले चिप्स खात. पाण्यात पुलाचे दिवे डुलत आणि आर्यनला वाटे, आपण कुणाच्या तरी स्वप्नातून चाललोय. आठच्या आत तो धापा टाकत खुर्चीत परत.

वरदाला काही कळलं नाही. शब्दांचे अर्थ विचारणं मात्र तिनं थांबवलं. आठला बोलणंही थोडंच. कधी तिचे गाल लाल दिसत, कधी दम लागलेला असे. रडत असणार, आर्यनला वाटे.

"म्हणजे ती एकटी बसून तुझ्या चित्राकडे बघते?" एका संध्याकाळी उर्वीनं विचारलं. "आणि तू इथे चिप्स खातोस?"

आर्यननं चिप्सची पुडी तिच्या हातात दिली. तसाच वळला आणि खोलीवर पळत आला. आईला कळलं तर ती कोलमडेल, ही भीती होतीच. पण दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं. त्यानं लूप काढला, आवाज सुरू केला. स्क्रीनवर वरदा मान खाली घालून पोळ्या लाटत होती.

"आई, मी रोज इथे नसतो. तुला दिसतो तो माझा लूप असतो. तू एकटी बसतेस आणि मी मजा करतो. सॉरी, आई. खूप सॉरी."

वरदानं मनगटानं कपाळावरची बट मागे सारली, वर बघितलं आणि हसली.

आर्यनला रडूच फुटलं. किती दिवसांचं ओझं उतरलं होतं. काय आई आहे ही, एका शब्दानं बोलली नाही.

"तू रागावली नाहीस?"

तिनं पोळी उलटली, दुसरा गोळा घेतला, लाटला. मग मनगटानं कपाळावरची बट मागे सारली, वर बघितलं आणि हसली.

आर्यननं डोळे पुसले आणि किती दिवसांनी स्क्रीनकडे नीट बघितलं. नोव्हेंबर संपत आला होता, ग्लासगो काय आणि इल्फर्ड काय, चार वाजल्यापासूनच अंधारायचं. आईच्या मागच्या खिडकीत पिवळं ऊन पडलं होतं, आणि कुंपणावरून उडालेला हिरवा पोपट पुन्हा तिथेच येऊन बसत होता.