नुसती मान हलवा

कॉम्प्युटरवर काहीच वाजत नव्हतं, तरी हेडफोन रामकिसनच्या हाताला कोमट लागला. त्यानं साउंड कार्डाच्या वायरीला मीटर लावलं. काटा शून्यावर राहायला हवा होता. तो पुढं सरकला आणि तिथंच थांबला. आवाज नसतानाही कार्डातून थोडा डीसी करंट येत होता, आणि रामकिसननं घरी जुळवलेला अ‍ॅम्प्लिफायर तोच वाढवून हेडफोनमध्ये ढकलत होता. आतला पडदा एका अंगाला दबून बसलेला. बोलणार कुठून?

चूक त्याचीच होती. असला करंट अडवायला मध्ये कंडेन्सर घालतात. आवाज अगदी स्वच्छ यावा म्हणून त्यानं तो गाळला होता. नको तिथं शहाणपण.

"झालं का रं?" सारजाबाईनं दारातून विचारलं.

"होतंय, माय."

त्याचे वडील त्रिंबकआबा बाजेवर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. चिकलठाण्याच्या कारखान्यात प्रेस मशीनपुढं त्यांची उमर गेली आणि कान तिथंच राहिले. मुकुंदवाडीच्या चाळीत भिंतींना कान होते, आबांना नव्हते. त्यामुळं दूध आलं, दार लावा, एवढंच त्यांना ओरडून सांगता येई. बाकीचं सारजाबाईच्या पोटात राही. आबांशी कोणी काही बोललं की ते मान हलवत. विद्यापीठाचं नामांतर झालंच पाहिजे म्हणणाऱ्यांपुढं हलवली, होऊ देणार नाही म्हणणाऱ्यांपुढंही हलवली. दोघंही त्यांना आपलं माणूस समजत.

रामकिसननं तो कामाला होता त्या कॉम्प्युटर क्लासमधला मोडीत काढलेला कॉम्प्युटर घरी आणला, तेव्हा सारजाबाईनं सगळ्यांना बाहेर काढून माइकमध्ये आबांसाठी हळू आवाजात काहीतरी बोलून ठेवलं होतं. "तू नाय ऐकायचं. माही शपथ हाय तुला," असं वर बजावलं होतं.

शहरातल्या नामांतराच्या गडबडीमुळं औरंगपुऱ्यातली दुकानं बंद होती. त्यानं जुन्या ट्रान्झिस्टरमधले दोन कंडेन्सर उपसले आणि दोन्ही बाजूंच्या वायरींत सोल्डरचे डाग देऊन बसवले. काटा शून्यावर आला. आता एकदा ऐकून बघणं भाग होतं. दोन शब्द ऐकून काढू, म्हणत त्यानं हेडफोन कानाला लावला, आणि त्याला तो काढता आला नाही.

"अवं, गाठ पुन्हा आलीय. डाक्टर म्हणतात, पुन्हा कापावं लागंल. मागल्या येळी लई सोसलं. आता मला नाय कापून घ्यायचं. तुमच्याबिगर कुणाला इचारू? तुमाला चालत आसंल तर नुसती मान हलवा. मी समजून घेईन."

आवाज इतका स्वच्छ होता की तिचा श्वासही कळत होता. यंत्र बिघडलेलंच राहिलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

सारजाबाई पदराला हात पुसत आत आली आणि नवऱ्यासमोर बसली. "लाव."

त्यानं आबांच्या कानांवर हेडफोन चढवला, आवाज होता तेवढा वाढवला. शब्द बाहेर झिरपत होते, हातभर अंतरावर त्याला पुन्हा ऐकू येत होते. आबा बायकोच्या तोंडाकडं बघत होते. बायको त्यांच्या मानेकडं.

बोलणं संपलं. आबा हसले आणि त्यांनी मान हलवली.

"व्हय ना?" तिनं नुसत्या ओठांनी विचारलं.

त्यांनी पुन्हा हलवली. तिचे डोळे भरून आले. डोक्यावरची मोळी उतरवून ठेवल्यागत ती उठली आणि चहा ठेवायला आत गेली. रामकिसनला तिला हाक मारायची होती, पण शपथ मोडल्याचं कोणत्या तोंडानं सांगणार?

आबांनी हेडफोन काढला आणि पोराला खूण करून जवळ बोलावलं. ते त्याच्या कानाशी वाकले. हळू विचारायचं त्यांच्या मनात होतं, पण बहिऱ्या माणसाला आपला आवाज कुठं कळतो.

"काय म्हणली रं तुही माय?"

आत स्टोव्हला पंप मारायचा आवाज थांबला.