वळणावरची रेघ

बाईंनी त्या शाळेच्या इमारतीत कधीही पाऊल ठेवलं नाही. पण ते सध्या बाजूला ठेवू. आत्ता त्या आगगाडीत बसल्या आहेत, प्रवासाचा तिसरा दिवस आहे आणि त्या मनातल्या मनात पाठाची उजळणी करत आहेत.

नोकरी परमुलखातली, पार टोकाची. अट एकच. पोहोचल्या दिवशी वर्गापुढे पाठ घ्यायचा. पसंत पडला तर रुजू, नाहीतर त्याच गाडीने परत.

अडचणही एकच. पाठ तपासणारं कुणी समोर बसलं की बाईंची वाचाच बसायची. मायदेशातल्या प्रत्येक शाळेने त्यांना याच कारणाने घरी पाठवलं होतं. एका वर्गात तर त्या इतका वेळ गप्प राहिल्या की मुलांना वाटलं कुणीतरी वारलंय, आणि ती मान खाली घालून उभी राहिली. निघताना थोरला भाऊ म्हणाला होता, "सामान सगळं बाहेर काढू नकोस. परत भरायला त्रास होतो."

शेवटची गाडी बदलली आणि मुलूख ओसाड झाला. एका स्टेशनाला एक घर, मग बराच वेळ नुसतं गवत. डबाही चमत्कारिक. बाकं सगळी एका दिशेला, बाईंची जागा तेवढी उलटी, त्यामुळे अख्खा डबा त्यांच्याकडे बघत होता. त्यांच्या पाठीमागची भिंत काळी, बहुतेक धुराने.

स्टेशनागणिक माणसं चढत-उतरत होती. बरीचशी मुलंच, सोबत मोठं कुणी नाही. दोन वेण्यांच्या एका मुलीने सरळ विचारलं, जवळचे खांब मागे पळतात, मग तो लांबचा डोंगर आपल्याबरोबर का येतो? बाईंनी बोटांनी समजावलं. बोटं पुरेनात, तेव्हा कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या तिकीट तपासनिसाने खिशातून खडू काढून दिला. बाईंनी काळ्या भिंतीवर डोंगर काढला, त्याखाली रेघ ओढली, नेमकी गाडी वळणावर असताना, आणि रेघ डोंगरासकट घसरली. डबा हसला. बाईही हसल्या.

मग टोपलीवाल्या आजीने विचारलं, रुळांच्या सांध्यात फट कशाला ठेवतात. ते सांगून होतंय तोवर नवी मंडळी चढली, नवे प्रश्न घेऊन. इथली भाषा बाई पुस्तकातून शिकल्या होत्या.

"पोरी, तू कोर्टाच्या नोटिशीसारखी बोलतेस," आजी उतरताना म्हणाली. "पण कळतं गं सगळं."

बाईंना भरून आलं. या अनोळखी माणसांनी आपल्याला दिवसभर भीतीची आठवणसुद्धा होऊ दिली नाही, आणि त्यांना बिचाऱ्यांना त्याचा पत्ताही नाही.

डबा रिकामा झाल्यावर त्यांनी तपासनिसाला विचारलं, शाळेत पाठ कोण तपासतं.

"असतो एक म्हातारा. फारसा बोलत नाही."

"कडक आहेत?"

"घरची माणसं तसं म्हणतात खरी."

शेवटचं स्टेशन आलं. फलाट, पाण्याची टाकी, एक बाक. इमारत म्हणून कुठेच नाही. बाई बॅग घेऊन उतरल्या आणि चारी बाजूंना बघू लागल्या.

"शाळा कुठल्या बाजूला? माझा पाठ आहे."

तपासनिसाने बाहीवरचा खडू झटकला. "तुम्ही उद्या सकाळी याच गाडीने परत निघायचं."

बाईंच्या हातातली बॅग खाली टेकली. भाऊ बरोबर होता.

"म्हणजे नापास? पाठ न घेताच?"

"नापास कशाला? आज उतरली ती पोरं उद्या परत चढतील. त्यांना पुढचं कोण शिकवणार?" तो म्हणाला. "चला, चहा घेऊ. शाळेचं इंजिन फिरवायला वेळ लागतो."

बाईंनी त्याच संध्याकाळी बॅगेतलं सगळं सामान बाहेर काढलं आणि रेल्वे खात्याला पहिला अर्ज लिहिला: "वळणावर शाळा कलत असल्याने फळ्यावरील सरळ रेघ वाकडी येते. सबब, विद्यार्थ्यांचे हित लक्षात घेऊन मार्गावरील सर्व वळणे सरळ करून मिळावीत, ही नम्र विनंती."