तिसऱ्या शिपायाची टोपी

परीक्षक सेल्विन भिंग घेऊन टेबलावर वाकला, तसा लाइलने केकचा मोठा तुकडा तोंडात कोंबला. ऑस्ट्रेलियातल्या मॅके गावच्या मॉडेल मंडळाचा तो नियमच होता. देखाव्यावर टीका सुरू झाली की तो बनवणाऱ्याचं तोंड भरलेलं हवं. फार पूर्वी एका रणगाड्याच्या हिरव्या रंगावरून दोन सभासद हमरीतुमरीवर आले होते, तेव्हा हा तोडगा निघाला. तेव्हापासून भांडणं कमी झाली आणि पोटं वाढली.

टेबलावर लाइलने बनवलेली, दुसऱ्या महायुद्धातली न्यू गिनीची चिखलवाट होती. चिखलात रुतलेली जीप, आणि ती ढकलणारे बोटभर उंचीचे पाच ऑस्ट्रेलियन शिपाई. लाइल आठ महिने यावर डोळे फोडत बसला होता. एवढं करून तिसऱ्या शिपायाच्या टोपीत त्याने मुद्दाम घोडचूक ठेवली होती. ऑस्ट्रेलियन शिपायांच्या टोपीचा डावा काठ वर दुमडतात, हे मॅकेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. या शिपायाने उजवा दुमडला होता.

याला कारण ग्लेनिस. मंडळाची चिटणीस. महिन्यापूर्वी ती लाइलच्या घरी आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "सेल्विनला आता दिसत नाही रे. गेल्या वर्षी पर्सीच्या रणगाड्याचा पट्टा चक्क उलटा होता. अर्धांगवायूतून उठून बिचाऱ्याने कसाबसा बसवला होता. सेल्विन त्यावर एक शब्द बोलला नाही. त्याच्या आदल्या वर्षी मेव्हचं विमान. नवरा गेल्यावर तिने पहिल्यांदाच काहीतरी केलं, तर एक पंख लोंबतोय! तोही याला दिसला नाही. कमिटीचं ठरलंय. पुढच्या वर्षीपासून परीक्षकाच्या खुर्चीवर तू."

सव्वीस वर्षं सेल्विनने लाइलच्या प्रत्येक देखाव्याची सालं काढली होती. तरी तो त्याचा जिवाभावाचा मित्र होता. वार्षिक स्पर्धेच्या या एका दिवसासाठी सेल्विन आठवडाभर आधी शर्टाला इस्त्री करून ठेवायचा. खुर्ची गेली तर तो शर्ट तरी कशाला घालेल, असं लाइलला वाटलं.

"एक संधी दे त्याला," तो म्हणाला होता. "मी एक चूक ठेवतो. त्याने पकडली तर खुर्ची त्याचीच."

"आंधळ्यालाही दिसेल अशी ठेव," ग्लेनिस म्हणाली होती.

आज सेल्विन रंगात होता. एका देखाव्यात तीनपेक्षा कमी चुका काढणं त्याला पाप वाटायचं. नुकताच जेफचा निकाल लागला होता. "जेफ, तुझ्या या शिपायाच्या एका हाताला दोन कोपरं आहेत. सलाम ठोकायला बरं पडत असेल, नाही?" केकने गाल फुगलेला जेफ नुसताच लाल झाला होता.

आता सेल्विनचं भिंग पहिल्या शिपायावरून दुसऱ्यावर गेलं. तिसऱ्यावर थांबलं. लाइलने चघळणं थांबवलं. कोपऱ्यात ग्लेनिस टाचा उंचावून उभी होती.

भिंग पुढे सरकलं.

"चिखल बरोबर आहे," सेल्विन म्हणाला. "जीपचा गंजही झकास. माझं काही म्हणणं नाही."

काही म्हणणं नाही, हे शब्द सेल्विनच्या तोंडून तिथे कुणी ऐकले नव्हते. सव्वीस वर्षं लाइलने ज्या शाबासकीची वाट पाहिली ती मिळाली, आणि त्याला रडू येऊ लागलं. ग्लेनिसने वही मिटली.

चहाची सुट्टी झाली. सेल्विनने लाइलचा दंड धरला आणि त्याला मागच्या दाराने आंब्याखाली नेलं.

"पायरी आहे, जपून," तो म्हणाला.

"दिसतेय मला पायरी."

"हो हो. गुरुवारी मोकळा आहेस?"

"का?"

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. गाडी मी काढतो."

लाइलला भडभडून आलं. म्हणजे याला स्वतःलाच कळलंय तर. "येतो की लेका," तो म्हणाला. "पण गाडी मी चालवीन. तुला कधीपासून दिसेनासं झालं?"

"मला?" सेल्विन त्याच्याकडे बघतच राहिला. "अरे म्हाताऱ्या, तुझ्या तिसऱ्या शिपायाची उलटी टोपी मला दारातून दिसली! मघाशीच फोन करून डॉक्टरची वेळ तुझ्या नावाने घेतलीय."

"मग आत बोलला का नाहीस?"

"काय बोलू? जेफ आळशी आहे, त्याला चार शब्द सुनावले तर सुधारेल. तू सव्वीस वर्षांत कधी टोपीत चुकला नाहीस. आज चुकलास म्हणजे तुझे डोळे गेले. ते का चारचौघांत सांगायचं असतं? पर्सीच्या हाताबद्दल बोललो मी कधी?"

दारात ग्लेनिस उभी होती. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात बशी. ती कधी आली, दोघांनाही कळलं नव्हतं. सेल्विन चपापला. मग तिच्याजवळ जाऊन, लाइलला स्वच्छ ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाला, "ऐकलंसच आहे तर कुठे बोलू नकोस. आणि पुढेमागे मला काही झालं, तर माझ्या खुर्चीवर याला तेवढं बसवू नका. बिचाऱ्याला दिसत नाही."

"नाही बसवणार," ग्लेनिस म्हणाली. "खुर्ची तुझीच आहे."

लाइलने खुलासा करायला तोंड उघडलं. ग्लेनिसने बशीतला केक त्यात कोंबला.